नकाब, मास्क आणि चेहऱ्याचा कायदा

सार्वजनिक जागी कोणीही चेहरा झाकू नये, असा कायदा फ्रान्सने ११ ऑक्टोबर २०१० रोजी केला. एप्रिल २०११पासून तो अमलात आला. दंड १५० युरोपर्यंत. मजकुरात नकाब किंवा इस्लाम हा शब्द कुठेच नाही. रोख कुणाकडे होता, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

पाकिस्तानी वंशाची एक फ्रेंच तरुणी याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली. आपण स्वतःच्या मर्जीने, तोही अधूनमधूनच नकाब घालतो, असे तिचे म्हणणे होते. १ जुलै २०१४ रोजी १५ विरुद्ध २ मतांनी निकाल तिच्याविरुद्ध गेला. स्त्री-पुरुष समानतेचा सरकारी मुद्दा न्यायालयाने स्वीकारला नाही. स्वीकारला तो ‘एकत्र राहण्या’चा: माणसामाणसांच्या व्यवहारात चेहऱ्याला मोठे स्थान आहे. असहमत दोन न्यायाधीशांनी हेल्मेटवाले मोटारसायकलस्वार आणि कार्निव्हलमधल्या वेशभूषा यांची आठवण करून दिली. तिथे समाजाचे काय अडते?

मग कोरोना आला. ११ मे २०२०पासून त्याच फ्रान्सच्या बस-रेल्वेत मास्क सक्तीचा झाला. न लावल्यास दंड १३५ युरो! आरोग्याच्या कारणासाठी जुन्या कायद्यात सूट होती, हे खरे. म्हणूनच नकाबबंदीही तशीच राहिली.

मग न्यायालयाचा मुद्दा निव्वळ बहाणा होता काय? तसे म्हणता येणार नाही. जर्मनीच्या बाम्बेर्ग विद्यापीठातील कार्बन या मानसशास्त्रज्ञाने २०२०मध्ये ४१ जणांना मास्क लावलेले आणि न लावलेले चेहरे दाखवले. मास्कमागचा आनंदी किंवा दुःखी चेहरा अनेकांना निर्विकार वाटला, किळस आलेला चेहरा रागावलेला वाटला. भीती मात्र ओळखता आली. आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. २०२१च्या अखेरीस पहिलीचे वर्ग उघडले, तेव्हा ‘मीम’ आणि ‘नून’ शिकवताना उस्तादांचे ओठच मुलांना दिसत नव्हते. मीमला ओठ मिटतात, हे दाखवायचे कसे?

पण दिसण्याचा प्रश्न इथेच संपत नाही. २०१६मध्ये जपानी संशोधकांना आढळले की मास्क लावलेली माणसे बघणाऱ्यांना कमी देखणी वाटतात, कारण मास्क म्हटला की आजारपण आठवते. २०२१मध्ये ब्रिटनच्या कार्डिफ विद्यापीठाने ४३ स्त्रियांना पुरुषांचे फोटो दाखवले. या वेळी निळा वैद्यकीय मास्क लावलेले चेहरे सर्वाधिक आकर्षक ठरले. पाच वर्षांत कापड बदलले नव्हते, त्याचा अर्थ बदलला होता. याच प्रयोगात काही चेहरे काळ्या वहीने झाकले होते. चेहऱ्याचा भाग तेवढाच लपला होता, पण वहीला ती पसंती मिळाली नाही.