लेखक घडवितां येतो काय?

लेखक जन्मावा लागतो, घडवितां येत नाहीं, असें आपण सहज म्हणून जातों. अमेरिकन कादंबरीकार वॉलेस स्टेग्नर यांचें चरित्र या समजुतीचा फेरविचार करावयास लावतें.

१९०९ सालीं आयोवांत जन्मलेल्या स्टेग्नरांचें बालपण दैव आजमावीत फिरणाऱ्या वडिलांमागें कॅनडाच्या माळरानावर व युटांत गेलें. ती वणवण १९४३ च्या ‘द बिग रॉक कँडी माउंटन’ या कादंबरींत उतरली.

१९४५ सालीं ते स्टॅनफर्ड विद्यापीठांत आले. युद्धावरून परतलेले तरुण तेव्हां वर्गांत बसूं लागले होते. त्यांच्यापाशीं सांगण्यासारखें पुष्कळ होतें. नव्हता तो निवांत वेळ आणि जाणता वाचक. स्टेग्नरांनीं त्यांच्यासाठीं लेखनवर्ग उभारला, विद्यावेतनांची सोय केली. केंटकीचे शेतकरी वेंडेल बेरी आणि लुइझियानाच्या मळ्यावर वाढलेले कृष्णवर्णीय अर्नेस्ट गेन्स हे पुढें तेथेंच शिकले. पण दोघांपैकीं एकाचेंही लेखन गुरूची नक्कल नाहीं.

स्टेग्नर १९७१ सालीं निवृत्त झाले. पुढच्याच वर्षीं ‘अँगल ऑफ रिपोज’ला पुलित्झर पारितोषिक मिळालें. १९९३ मध्यें ते निवर्तले.

प्रतिभा कोणी कोणास देऊं शकत नाहीं, हें खरेंच. परंतु ती उपेक्षेनें करपूं नये, एवढें शिक्षकाला खचित करितां येतें.