प्राथमिक शिक्षणातील भयमुक्ती
प्राथमिक शाळेत छडी हे शिस्तीचे साधन मानले जात असता गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर स्थापून शिक्षेवाचून शिक्षणाचा प्रयोग केला. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातील शिक्षक चौथीच्या मुलांचा विश्वास गोष्टी व खेळ यांद्वारे संपादन करतो. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्यासह ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. पुढे कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हे तिचे तत्त्व. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविला. तथापि कायदा शिक्षेस प्रतिबंध करतो. मुलाचा विश्वास शिक्षकालाच संपादन करावा लागतो.