रस्त्यावरील चेहरा कोणाचा ?

१८८८ सालीं अमेरिकेंतील रॉचेस्टर शहरच्या जॉर्ज ईस्टमन यांनीं ‘कोडॅक’ नांवाचा हातांत मावणारा कॅमेरा विक्रीस आणला. किंमत २५ डॉलर, आणि आंत १०० चित्रांपुरती फिल्म. तोंपर्यंत छायाचित्र काढवून घ्यावयाचें तर छायाचित्रकारासमोर निश्चल बसावें लागे. बसणाराच्या संमतीवांचून चित्र निघणें कठीण असे. आतां वाटेनें जाणाराची छबी त्याच्या नकळत टिपतां येऊं लागली. १८९० सालीं सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या वकिलांनीं हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत हाच फरक दाखवून, मनुष्यास आपल्या खाजगीपणाचा हक्क असला पाहिजे, असें प्रतिपादिलें.

न्यायालयास तें लगेच पटलें नाहीं. न्यूयॉर्क राज्यांतील एका तरुणीचें चित्र एका पिठाच्या गिरणीनें तिला न विचारतां जाहिरातीवर छापलें. सुमारें २५,००० प्रती निघाल्या ; त्या दुकानांतून व मद्यगृहांतून झळकल्या. लोकांच्या कुचेष्टेनें आपण आजारी पडलों, असें तिचें म्हणणें होतें. तरीहि १९०२ सालीं राज्याच्या अपील कोर्टानें चार विरुद्ध तीन मतांनीं तिचा दावा अमान्य केला. यावर इतका लोकक्षोभ झाला कीं, पुढच्याच वर्षीं विधिमंडळानें कायदा केला : जिवंत माणसाचें चित्र त्याच्या लेखी संमतीवांचून जाहिरातीसाठीं अगर व्यापारासाठीं वापरणें हा गुन्हा होय.

या कायद्यानें चित्राचा व्यापार अडविला. रस्त्यांत चित्र काढणें अडविलें नाहीं. त्याची कसोटी २००६ सालीं लागली. फिलिप-लॉर्का डिकोर्सिया यांनीं न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर चौकांत दुरून टिपलेल्या चेहऱ्यांत एक वृद्ध यहुदी गृहस्थ होते. अशी प्रतिमा त्यांच्या धर्मश्रद्धेस मान्य नव्हती. चित्राच्या प्रती हजारों डॉलरांना विकल्या गेल्या होत्या. तरी ती कला आहे, कायद्यांतील ‘व्यापार’ नव्हे, असें ठरवून न्यायालयानें दावा फेटाळला.

त्याच शहरांत वॉकर एव्हान्स यांनीं १९३८ ते १९४१ या काळांत भुयारी रेल्वेंतील प्रवाशांचीं चित्रें कोटाआड कॅमेरा लपवून काढलीं होतीं. त्यांचें पुस्तक मात्र १९६६ सालीं निघालें. कायद्याची सक्ती नसतांहि थांबतां येतें, हें यावरून दिसतें.

त्या वृद्ध गृहस्थांच्या दुखावलेल्या मनाला न्यायालयांत दाद नव्हती. तें मन राखणें कॅमेरा धरणाराच्याच हातीं होतें. कोणी तोंड फिरविलें, हात आडवा केला, तर कॅमेरा खालीं घ्यावा. दुःखांत वा दैन्यांत असलेल्यास आधीं विचारावें. एवढें सौजन्य कोणत्याहि कायद्यानें मना केलेलें नाहीं.