पेंढ्याच्या गठ्ठ्यांचे घर

छत्तीसगडमधील भिलाईजवळच्या जुनवानीचा परिसर भातशेतीच्या पट्ट्यात येतो. भाताच्या पेंढ्याला येथे ‘पैरा’ म्हणतात. तो चिखलात कालवून भिंती उभारण्याची रीत जुनी आहे. पेंढ्याचे घट्ट गठ्ठे विटांप्रमाणे रचण्याची पद्धत मात्र १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात लाकडाच्या टंचाईमुळे रूढ झाली. फ्रान्समध्ये मोंतार्जी येथे १९२० साली बांधलेले असे घर आजही उभे आहे.

जाड भिंतींमुळे उन्हाची झळ आत पोहोचत नाही, तर दोन्ही बाजूंच्या गिलाव्यामुळे आगीचा धोका घटतो. खरा धोका ओलीचा असतो. गठ्ठ्यांतील ओलावा सुमारे २० टक्क्यांहून अधिक काळ वाढलेला राहिल्यास पेंढा कुजतो. त्यामुळे पावसाळी प्रदेशात उंच जोते आणि भिंतींबाहेर पुरेसे आलेले छप्पर आवश्यक ठरते.