शाळा संपली, पुढं काय?

घरात दिव्यांग मूल असलं की आईचा पहिला घोर शाळेचा. शाळा घेईल का, बाई सांभाळून घेतील का, पोरं चिडवतील का! या घोरात दहा-बारा वर्षं सरतात आणि एक दिवस दाखला हातात पडतो. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. या प्रश्नाशी झुंजलेल्या एका मायलेकांची हकिगत आपण बायकांनी वाचावी अशी आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये एड रॉबर्ट्सचा जन्म झाला १९३९ साली. १९५३ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. लस यायला अजून दोन वर्षं होती. मानेखालचं जवळजवळ सगळं अंग लुळं पडलं. झोपायचं ते लोखंडी फुफ्फुसात, म्हणजे डोकं तेवढं बाहेर ठेवून श्वास चालवणाऱ्या भल्यामोठ्या पिंपात. शाळा घरूनच, टेलिफोनवरून. लोक टक लावून बघतील म्हणून त्याला बाहेर पडायचीच भीती. पण आई झोनानं हट्ट धरला, आठवड्यातून एकदा तरी शाळेत जायचंच. गेला. लोकांनी बघितलं आणि काही बिघडलं नाही.

अभ्यास पुरा झाला तर शाळा प्रमाणपत्र देईना. कारण काय, तर मोटार चालवणं आणि व्यायाम हे दोन विषय झालेले नाहीत! ज्याला हात उचलता येत नाही, त्याला हा नियम. झोना शाळेच्या मंडळापर्यंत भांडली आणि प्रमाणपत्र मिळवलंच.

पुढं राज्याच्या पुनर्वसन खात्यानं शेरा मारला, हा मुलगा कधीच नोकरी करू शकणार नाही, याला मदत कशाला? तिथंही भांडण. १९६२ साली बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण ते अवजड यंत्र वसतिगृहात मावेना. शेवटी विद्यापीठाच्या दवाखान्यातच त्याची राहायची सोय झाली. त्याच्या मागोमाग तसेच आणखी विद्यार्थी आले. मदतनीस कोण हवा, त्यानं काय आणि कसं करायचं, हे ती मुलं स्वतः ठरवू लागली. त्यातूनच १९७२ मध्ये बर्कलेत स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं राहिलं. आणि १९७५ मध्ये? ज्या खात्यानं त्याला निकामी ठरवलं होतं, त्याच खात्याचा संचालक म्हणून एड रॉबर्ट्स नेमला गेला.

अमेरिकेच्या कायद्याला हे शहाणपण यायला १९९० साल उजाडलं. दिव्यांग विद्यार्थ्याच्या शाळेनंतरच्या आयुष्याची आखणी सोळाव्या वर्षापर्यंत सुरू झालीच पाहिजे, असं तेव्हा ठरलं. आपल्याकडं १९९५ च्या कायद्यानं अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण दिलं. २०१६ च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या. दार उघडलं खरं. पण त्या दारापर्यंत जायची तयारी घरातच व्हावी लागते.

आपला समाज दानात मागं नाही. वह्या वाटतो, चाकाच्या खुर्च्या देतो. घरातही माया कमी नसते. मूल काही मागायच्या आत आपण पाणी पुढं करतो, दुकानदाराला त्याच्या वतीनं उत्तर देतो, कॉलेजचा अर्जही आपणच भरतो. मग "माझ्यामागं याचं कसं होणार?" म्हणून रात्र रात्र जागतो.

झोनानं पोराला चालायला शिकवलं नाही, ते तिच्या हातात नव्हतं. लोकांत जायला आणि हक्काचं मागायला मात्र शिकवलं. दुसऱ्याचा हात धरावा लागला म्हणून माणूस परावलंबी होत नाही. कुणाचा हात, कधी आणि कुठं जायला, हे ज्याला सांगता येतं तो आपल्या पायावर उभाच आहे. बँकेत सही किंवा अंगठा त्यानं करावा, बसचं तिकीट त्यानं मागावं, डॉक्टरांना दुखणं त्यानं सांगावं. वेळ लागेल. लागू दे. हा धडा दहावीच्या निकालाची वाट बघत थांबवायचा नसतो.