वेबसाइटच्या सगळ्या पानांवर एकच मेनू: एकदा बदला, सगळीकडे बदलेल

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी एका वसतिगृहासाठी वेबसाइट बनवून दिली होती. साधी एचटीएमएल, ४२ पानं. प्रत्येक पानाच्या वर तोच मेनू: मुख्यपृष्ठ, माहिती, प्रवेश, नियम, शुल्क, निकाल, संपर्क. मी काय केलं, तर पहिल्या पानावरचा मेनू कॉपी केला आणि उरलेल्या ४१ पानांवर पेस्ट केला. झालं काम!

पुढच्या वर्षी प्रवेशाचा फॉर्म बदलला. मी एडिटरमध्ये ‘फाइंड अँड रिप्लेस’ मारलं, दोन-चार पानं उघडून बघितली, सगळं ठीक वाटलं. पण ३ पानांवर मेनूच्या ओळीत एक जास्तीची स्पेस होती. त्यामुळे ती पानं शोधात सापडलीच नाहीत आणि त्यांच्यावर जुन्याच फॉर्मची लिंक राहिली. एका मुलीने निकालाच्या पानावरून तो जुना फॉर्म डाउनलोड केला, प्रिंट काढली, भरला आणि दोन एसटी बदलून शेवटच्या दिवशी ऑफिसला पोचली. तिथे कळलं की फॉर्म मागच्या वर्षीचा आहे. नशीब, जवळच सायबर कॅफे होता. ऑफिस बंद व्हायच्या आत तिने नवा फॉर्म भरून दिला. चूक तिची नव्हती, माझी होती.

म्हणून हा लेख. तुम्ही कॉलेजच्या फेस्टची, काकांच्या दुकानाची किंवा गावातल्या वाचनालयाची वेबसाइट बनवत असाल, तर हे आधीच वाचून ठेवा.

(एक सूचना: वाचायला सोपं जावं म्हणून फाइल्सची आणि कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहितेय. प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.)

अडचण नेमकी कुठे आहे?

४२ पानं आणि प्रत्येकावर ७ लिंक, म्हणजे एकूण २९४ लिंक. एक नाव बदलायचं तर ४२ फाइल्स उघडायच्या. त्यातली एक जरी सुटली तरी वेबसाइट दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगायला लागते.

प्रोग्रामिंगमध्ये यासाठी एक नियम आहे: ‘डोन्ट रिपीट युवरसेल्फ’, थोडक्यात ‘ड्राय’. अँडी हंट आणि डेव्ह थॉमस यांच्या १९९९ च्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकामुळे तो सगळीकडे पोचला. अर्थ सोपा आहे. एक माहिती एकाच जागी लिहा, बाकी सगळ्यांनी तिथूनच घ्यावी.

आता तुम्ही म्हणाल, सीएसएस तर आपण एकाच फाइलमध्ये लिहून सगळ्या पानांना जोडतो, मग मेनूला काय प्रॉब्लेम आहे? प्रॉब्लेम हा, की एचटीएमएलमध्ये स्टाइल, स्क्रिप्ट आणि फोटो बाहेरून जोडायला टॅग आहेत, पण एचटीएमएलचाच एखादा तुकडा दुसऱ्या पानात सरळ बसवायला टॅग नाही. क्रोमने मध्यंतरी ‘एचटीएमएल इम्पोर्ट्स’ नावाची सोय आणली होती, पण बाकीच्या ब्राउझरनी ती उचलली नाही आणि शेवटी क्रोमनेही काढून टाकली.

त्यामुळे मेनू जोडायचं काम आपल्यालाच दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावं लागतं. ते करणारे तीन जण आहेत: सर्व्हर, ब्राउझर किंवा अपलोड करण्याआधी आपलाच कॉम्प्युटर. खालच्या सगळ्या पद्धती या तिघांपैकी एकाच्या आहेत.

पद्धत १: सर्व्हर साइड इन्क्लूड (एसएसआय)

ही सगळ्यात जुनी पद्धत, आणि अजून चालते. मेनू एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा. प्रत्येक पानावर मेनूच्या जागी एक ओळ लिहायची, की ‘इथे अमुक फाइल आण’. ही ओळ एचटीएमएल कमेंटसारखी दिसते. कोणी पान मागितलं की सर्व्हर ती ओळ वाचतो, तिथे मेनू चिकटवतो आणि तयार पान पाठवतो. ब्राउझरला जोड दिसतच नाही.

अपाची आणि एनजिनएक्स या दोन्ही सर्व्हरमध्ये ही सोय आहे, पण ती चालू करून घ्यावी लागते. अपाचीवर अशा पानांचं एक्स्टेन्शन बहुतेक वेळा ‘डॉट एसएचटीएमएल’ असतं. लक्षात ठेवा, सोय बंद असेल तर काही एरर येत नाही. ब्राउझर त्या ओळीला साधी कमेंट समजतो आणि मेनू गुपचूप गायब होतो.

पद्धत २: पीएचपी इन्क्लूड

शेअर्ड होस्टिंग घेतलं असेल तर बहुतेक वेळा त्यावर पीएचपी असतंच. कल्पना तीच: मेनू ‘मेनू डॉट पीएचपी’मध्ये, आणि प्रत्येक पानावर ‘इन्क्लूड’ची एक ओळ.

यात दोन शब्द सापडतील, ‘इन्क्लूड’ आणि ‘रिक्वायर’. फाइल सापडली नाही तर ‘इन्क्लूड’ वॉर्निंग देऊन पुढे जातो, बाकीचं पान दिसतं. ‘रिक्वायर’ तिथेच थांबतो. मेनूसाठी ‘इन्क्लूड’ बरा, कारण मेनू नसलेलं पानही अर्धवट तुटलेल्या पानापेक्षा चांगलं.

पीएचपीचा जास्तीचा फायदा म्हणजे मेनू आणण्याआधी तुम्ही ‘हे कोणतं पान आहे’ हे एका व्हेरिएबलमध्ये सांगू शकता. मग मेनूची फाइल तीच राहते, पण ‘प्रवेश’ पानावर ‘प्रवेश’ हा शब्द ठळक दिसतो.

सावधान! पानांचं एक्स्टेन्शन एचटीएमएलवरून पीएचपी केलं की प्रत्येक पानाचा पत्ता बदलतो. जुन्या पत्त्यांवरून नव्यावर नेणारा ‘३०१ रिडायरेक्ट’ लावायला विसरू नका.

पद्धत ३: जावास्क्रिप्टने मेनू आणणं

इथे काम ब्राउझर करतो. पानावर एक रिकामा डबा ठेवायचा, आणि स्क्रिप्टमधल्या ‘फेच’ने मेनूची फाइल आणून त्यात ओतायची. फुकटच्या साध्या होस्टिंगवरही हे चालतं. पण तोटे माहीत असू द्या:

- पान आधी येतं, मेनू नंतर. नेटवर्क स्लो असेल तर मजकूर अचानक खाली सरकतो आणि बोट भलत्याच लिंकवर पडतं. यावर उपाय म्हणजे त्या डब्याला सीएसएसमध्ये आधीच उंची देऊन ठेवणं.
- ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद असेल तर मेनूच नाही. म्हणून ‘नोस्क्रिप्ट’ टॅगमध्ये निदान मुख्यपृष्ठाची लिंक ठेवा.
- पान फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या फोल्डरमधून थेट उघडलं तर सुरक्षेच्या नियमांमुळे ब्राउझर ‘फेच’ अडवतो. कोड बरोबर असूनही मेनू दिसत नाही. टेस्ट करायला छोटा लोकल सर्व्हर लागतो.

पद्धत ४: स्टॅटिक साइट जनरेटर

माझी आवडती पद्धत. जेकिल (२००८), ह्यूगो (२०१३) आणि इलेव्हन्टी ही यातली ओळखीची नावं. मेनू एका फाइलमध्ये, पानांचा मजकूर वेगळ्या फाइल्समध्ये. जनरेटर चालवला की तो सगळं जोडून पूर्ण तयार एचटीएमएल पानं बनवतो. सर्व्हरला काही विशेष यावं लागत नाही, आणि वाचणाऱ्याला पान लगेच मेनूसकट मिळतं.

फक्त फोन आहे? तरी जमतं. गिटहब पेजेसवर जेकिलची सोय आधीपासून आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये गिटहब उघडा, ‘अंडरस्कोर इन्क्लूड्स’ फोल्डरमधली मेनूची फाइल एडिट करा, कमिट करा. थोड्या वेळात सगळी पानं नव्याने बनतात. एकच अट आहे: प्रत्येक एचटीएमएल पानाच्या अगदी वर तीन-तीन डॅशच्या दोन ओळी हव्यात. त्या नसतील तर जेकिल ते पान जसंच्या तसं ठेवतो, मेनू जोडत नाही.

पद्धत ५: वर्डप्रेस किंवा तयार साइट बिल्डर

वर्डप्रेसमध्ये हा प्रश्न आधीच सोडवलेला आहे. २०१० च्या ३.० आवृत्तीपासून डॅशबोर्डमधूनच मेनू बनवता येतो, आणि नव्या ब्लॉक थीममध्ये त्यासाठी नेव्हिगेशन ब्लॉक आहे. गुगल साइट्समध्ये तर नवीन पान जोडलं की ते मेनूत आपोआप येतं. कोड शिकायचा नसेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

मग आयफ्रेम का नको?

१९९६ मध्ये नेटस्केप नेव्हिगेटर २.० बरोबर फ्रेम्स आल्या, आणि पुढे कितीतरी साइट्सचा मेनू डावीकडच्या फ्रेममध्ये असायचा. आतलं पान बदललं तरी वरचा पत्ता तोच राहायचा, त्यामुळे कोणाला नेमक्या पानाची लिंक पाठवणं अवघड होतं. एचटीएमएल ५ मध्ये फ्रेमसेट बाद झाला. आयफ्रेम अजून आहे, पण मेनू त्यात ठेवला की लिंक त्या छोट्या चौकटीतच उघडतात (वेगळं टार्गेट द्यावं लागतं) आणि खाली उघडणारा उपमेनू कापला जातो. नकोच.

सगळ्यात जास्त होणाऱ्या चुका

१. सापेक्ष पत्ते. मेनूत नुसतं ‘संपर्क डॉट एचटीएमएल’ लिहिलं तर मुख्य पानावर लिंक चालते. पण ‘निकाल’ फोल्डरमधल्या पानावरून ब्राउझर ती फाइल ‘निकाल’ फोल्डरमध्येच शोधतो. म्हणून पत्त्याच्या सुरुवातीला स्लॅश द्या, म्हणजे शोध मुळापासून सुरू होईल. मात्र गिटहब पेजेसवर प्रोजेक्टची साइट एका उपफोल्डरमध्ये असते. तिथे नुसता स्लॅश पुरत नाही, जेकिलचा ‘रिलेटिव्ह यूआरएल’ फिल्टर वापरा.

२. कॅशे. मेनू बदलला पण फोनवर जुनाच दिसतो? आधी इन्कॉग्निटो टॅबमध्ये बघा. तिथे नवा दिसला तर तुमचा कोड ठीक आहे, ब्राउझर जुनी प्रत दाखवतोय.

३. अर्धवट अपलोड. जनरेटर वापरता तेव्हा मेनू बदलला की सगळीच पानं बदलतात. सगळी अपलोड करा, एक-दोन नाही.

४. अंध वापरकर्त्यांचा विसर. मेनू ‘नॅव्ह’ टॅगमध्ये ठेवा आणि चालू पानाच्या लिंकवर ‘एरिया करंट’ हे अॅट्रिब्यूट लावा. मग स्क्रीन रीडर सांगू शकतो की आपण कुठे आहोत.

जुनी साइट सुधारायची कशी?

- आधी पूर्ण फोल्डरची कॉपी काढून ठेवा.
- सगळ्यात ताज्या पानावरचा मेनू उचलून वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि पत्ते दुरुस्त करा.
- आधी फक्त दोन पानांवर जोडून बघा: एक मुख्य फोल्डरमधलं, एक आतल्या फोल्डरमधलं.
- दोन्ही चालली की बाकीची पानं हाताने, एकेक करून बदला. कंटाळवाणं आहे, पण शेवटचंच आहे.
- आता पूर्ण फोल्डरमध्ये मेनूतला एखादा खास शब्द शोधा. मेनूचा कोड फक्त एका फाइलमध्ये सापडायला हवा. मग जुन्या फॉर्मच्या फाइलचं नाव शोधा. उत्तर शून्य यायला हवं.
- शेवटी डब्ल्यूथ्रीसीच्या फुकट लिंक चेकरमध्ये साइटचा पत्ता टाकून तुटलेल्या लिंक तपासा.

ही शोधाची पायरी मी त्या वर्षी केली असती, तर ती ३ पानं दोन मिनिटांत सापडली असती.

आणि एक गोष्ट, जी मला फार उशिरा सुचली. मेनू सुधारला तरी जुनी लिंक व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये फिरतच राहते. म्हणून जुना फॉर्म सर्व्हरवर तसाच सोडू नका. त्या पत्त्यावरून नव्या पानाकडे रिडायरेक्ट द्या.

थोडक्यात, काय निवडायचं?

- ४-५ पानं आहेत आणि फारशी बदलणार नाहीत: कॉपी-पेस्टही चालेल, पण वरचा शोध दर वेळी करा.
- पीएचपीचं होस्टिंग आहे: पीएचपी इन्क्लूड.
- फुकट होस्टिंग, थोडं शिकायची तयारी: जेकिल आणि गिटहब पेजेस.
- फुकट होस्टिंग, आजच काम उरकायचंय: जावास्क्रिप्ट.
- कोड नकोच: वर्डप्रेस किंवा गुगल साइट्स.

त्या वसतिगृहाची साइट मी नंतर पीएचपी इन्क्लूडवर आणली. एका सुट्टीची दुपार गेली. आता दर वर्षी प्रवेशाची लिंक तिथले क्लार्क काका स्वतःच बदलतात, एकाच फाइलमध्ये. गेल्या दोन वर्षांत त्यासाठी मला त्यांचा फोन आलेला नाही.