सांताक्रूझचा वारा, भिवंडीचा धूर

माझ्या खिडकीतून एका सायझिंगचं धुराडं दिसतं. सुताला खळ लावतात त्या कारखान्याला भिवंडीत सायझिंग म्हणतात. तिथे बॉयलर पेटलेला असतो, त्यामुळे धूर जवळजवळ रोजचाच. जानेवारीतल्या एका दुपारी, साडेबाराच्या सुमाराला, तो धूर काल्हेरच्या बाजूला, म्हणजे खाडीकडे कलला होता. याचा अर्थ वारा ईशान्येचा होता.

त्याच वेळी लॅपटॉपवर मी सेसना १७२ उडवत होतो. भिवंडीला धावपट्टी नाही, म्हणून आमच्यासारख्यांनी उतरायचं ते मुंबई–नाशिक हायवेवर. माणकोलीकडून नाशिकच्या दिशेने तोंड केलं. बाहेरच्या धुराच्या हिशेबाने वारा समोरून यायला हवा होता. तो आला डावीकडून, ३२० अंश, ८ नॉट. मी बेसावध होतो. विमान सरकत सरकत गोदामांच्या रांगेत घुसलं. सिम्युलेटर कुठलं होतं ते सोडा, पण ‘लाइव्ह वेदर’ चालू होतं एवढं खरं. लाइव्ह होतं, पण कुठलं?

शोधल्यावर कळलं की तो वारा सांताक्रूझचा होता. विमानतळावरचं हवामान ठरावीक वेळाने एका सांकेतिक ओळीत जगभर पाठवलं जातं, तिला ‘मेटार’ म्हणतात. ही पद्धत आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६८मध्ये सुरू झाली. मुंबई विमानतळाचा कोड व्हीएबीबी. दर अर्ध्या तासाने त्याची ओळ निघते आणि तीत वाऱ्याची दिशा नि वेग असतो, म्हणजे ३२० अंश आणि ८ नॉट असेल तर ‘३२००८केटी’. हा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला, १० मिनिटांची सरासरी काढलेला आणि दिशा जवळच्या १० अंशांना आणून लिहिलेला असतो. मोजणारं यंत्र मोकळ्यावर असावं लागतं. आजूबाजूची इमारत जेवढी उंच, तिच्या निदान दहापट अंतरावर. आमच्या गल्लीत अशी जागा शोधायची तर आधी निम्मं भिवंडी पाडावं लागेल.

आकडा खोटा नव्हता. त्या जागी, त्या दहा मिनिटांत, त्या उंचीवर तो बरोबरच असणार. पण भिवंडी तिथून सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर ईशान्येला आहे, आणि मधे संजय गांधी उद्यानाचे डोंगर आणि खाडी. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते आठवतं? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई. हिवाळ्यात दुपारच्या आसपास सांताक्रूझला खारा वारा पोचलेला असतो, पण आत यायला त्याला वेळ लागतो. त्या साडेबारा वाजता सांताक्रूझला खारा सुरू झाला होता, आमचं धुराडं अजून मतलईत होतं.

मग प्रश्न पडला की मुंबईचा वारा पहिल्यांदा कोणी लिहून ठेवायला लागलं, आणि कशासाठी?

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६मध्ये बांधली. हेतू खगोलाचे वेध आणि जहाजांसाठी अचूक वेळ. चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी तिथे १८४१पासून नियमित होऊ लागल्या, आणि त्या काळात आर्थर ऑर्लेबार या प्राध्यापकाच्या हाताखाली एक मराठी पोरगा नोकरीला होता. केरो लक्ष्मण छत्रे, अलिबागजवळच्या नागावचा, वय सोळाच्या आसपास. हेच पुढचे केरूनाना छत्रे. पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले, टिळकांना शिकवलं, १८६०मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली. चरित्रांमध्ये हा पुढचा भाग ऐसपैस येतो आणि कुलाब्याची सुमारे दहा वर्षं दोन ओळींत उरकतात. मला मात्र तीच वर्षं जास्त आवडतात. ठरलेल्या वेळी उठायचं, यंत्रापाशी जायचं, काटा वाचायचा, वहीत आकडा लिहायचा, आणि थोड्या तासांनी पुन्हा तेच. चार वाट्यांचं फिरतं वायुवेगमापक तोवर जन्मलंही नव्हतं. आयर्लंडच्या रॉबिन्सनने ते १८४६मध्ये बनवलं. बोफर्टने १८०५मध्ये वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या होत्या, त्याही खलाशांच्या डोळ्यांच्या भरवशावर. थोडक्यात, आमच्या धुराड्याचीच पद्धत, पण शिस्तीत.

वारा मोजला गेला तो ज्याला गरज होती त्याच्यासाठी, आणि गरज होती बंदराला. १८६४चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि मग दुष्काळ यांनी सरकारला हलवलं, तेव्हा १८७५मध्ये भारतीय हवामान खातं उभं राहिलं. नंतर विमानं आली. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. जुहूची पट्टी पावसाळ्यात चिखलात जायची, म्हणून टाटांची टपालसेवा त्या दिवसांत पुण्याला हलायची. दुसऱ्या महायुद्धानंतर मुख्य विमानवाहतूक सांताक्रूझला गेली आणि वाऱ्याची महत्त्वाची नोंदही तिथे आली. भिवंडीला बंदराचं वैभव केव्हाच उरलं नव्हतं आणि विमान कधी आलं नाही. जवळच कल्याणपलीकडे नेवाळीला महायुद्धात धावपट्टी झाली होती, पण युद्ध संपलं नि तीही संपली.

वेधशाळावाले जागेच्या बाबतीत किती हट्टी असत याचा एक किस्सा सांगायलाच हवा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा त्या विजेने कुलाब्याची चुंबकसुई बहकणार हे उघड होतं. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. चुंबकीय वेधशाळा १९०४मध्ये अलिबागला हलवली गेली. इमारतीत लोखंड वापरलं नाही. ट्राम धावली १९०७मध्ये, आणि मधल्या काळात दोन्हीकडे नोंदी घेऊन आकडे ताडून पाहिले गेले. म्हणजे एका जागेचा आकडा दुसऱ्या जागेला लावायचा तर आधी दोन वर्षं तपासायचा, अशी त्या लोकांची रीत होती.

सिम्युलेटरवाल्यांना एवढा धीर नव्हता, आणि खरं तर सोयही नव्हती. जुनी हवामान-सॉफ्टवेअर जवळच्या विमानतळाचा मेटार उचलून सगळ्या परिसरावर पसरायची. नवा मेटार आला की हवेतच वारा झटक्याने दिशा बदलायचा. पुढे संगणकी मॉडेल आली. २०२०च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरने स्वित्झर्लंडच्या मिटिओब्लूचं मॉडेल घेतलं. विमानतळावरचा वारा खऱ्या मेटारशी जुळत नाही म्हणून खेळणारे वैतागले, तेव्हा पुढे त्यात मेटार मिसळला गेला. एक्स-प्लेन १२ अमेरिकेच्या जीएफएस या जागतिक मॉडेलचे आकडे घेतं. ते आकडे पाव अंशाच्या चौकोनात येतात, म्हणजे आपल्याकडे साधारण २७ किलोमीटर. येऊरचा डोंगर, खाडी आणि आमचं धुराडं एकाच चौकोनात मावतात. धावपट्टीवर उतरणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. हायवेवर उतरणाऱ्याला जाणवतं.

एवढ्यावर हा विषय खेळातच राहिला असता. पण काकांचा कारखाना आठवला.

मी आठवीत होतो. मे महिन्याची संध्याकाळ, अचानक काळोख, धुळीचा लोट, आणि दहा मिनिटांत काकांच्या कारखान्याचे अर्धे पत्रे शेजारच्या आवारात. सोळा माग भिजले, मागांवरचं कापड वाया गेलं. विमा होता. सर्व्हेअर आला, सभ्य माणूस, चहा घेतला, फोटो काढले. काही आठवड्यांनी कागद आला. जवळच्या वेधशाळेत, म्हणजे सांताक्रूझला, त्या संध्याकाळी वादळ म्हणावं असा वारा नोंदलेला नाही, तेव्हा पत्रे मुळातच सैल असावेत. दाव्याचा मोठा भाग कापला. काका म्हणाले, “अरे, पत्रे गेले इथले, आणि वारा विचारला तिकडचा?” आम्हाला वाटलं, काहीतरी लबाडी आहे. आज वाटतं, लबाडी नव्हती. तोच आकडा, तीच ३० किलोमीटर. त्या आकड्याला काकांच्या पत्र्यांबद्दल काही माहीतच नव्हतं, आणि दुसरा आकडा कोणाकडे नव्हता.

२६ जुलै २००५ आठवणारा माणूस या बाबतीत शहाणा असायला हवा होता. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७५च्या आतबाहेर. दोन्ही वेधशाळा मुंबईतच, दोन्ही आकडे बरोबर. मेमधलं गडगडाटी वादळ तर याहूनही लहान जागेत खेळ करून जातं.

काकांच्या नंतर काही वर्षांनी राज्य सरकारच्या ‘महावेध’ प्रकल्पाने महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली. शेती आणि पीकविमा हा त्यांचा मुख्य उद्देश. ती वाराही मोजतात. भाताच्या खाचराला आता जवळचा वारा मिळतो. मागाच्या पत्र्यांसाठी कोणी तो विचारतं का, हे मी काकांना विचारलं. ते हसले. त्यांनी माग विकून झाले आहेत, त्या जागेत आता कुठल्याशा कुरियरचं गोदाम आहे आणि त्याचं छप्पर पक्कं आहे.

मी परवा पुन्हा माणकोलीवरून वळलो. ‘लाइव्ह वेदर’ बंद केलं, खिडकीतून धुराकडे पाहिलं आणि हाताने वारा भरला, ०५० अंश, ४ नॉट. वेग अंदाजाने, कारण धूर फार आडवा नव्हता. वारा समोरून आला. उतरताना फक्त टोलनाक्याची कमान आडवी आली, तो दोष माझाच.